बाजूच्या खुर्चीचं चित्र

मी स्पष्टच सांगतो, पॉडकास्ट हा प्रकार मला पटत नाही. बोलणारा दिसत नाही, ऐकणारा दिसत नाही, आणि दोघं म्हणे गप्पा मारतात. पण एक गंमत आहे. ज्यात बघण्यासारखं काहीच नाही अशा या गोष्टीलाही एक चित्र लागतं. चित्र नसलं तर कुणी बोटसुद्धा लावत नाही. हे कळलं तेव्हा मला आतून बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्यावाचून जगाचं अजून अडतं.

मी मुखपृष्ठं करतो. अडतीस वर्षांत अकराशेच्या वर पुस्तकांना मी चेहरा दिला आणि त्यातली वाचली असतील चाळीस. नाकं मुरडू नका. आमच्यात तशीच पद्धत होती. प्रकाशकाकडून एक कागद यायचा. त्यावर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि आत काय आहे ते तीन ओळींत. त्या कागदालाच आम्ही 'तीन ओळी' म्हणायचो. 'तीन ओळी धाडा, परवा स्केच देतो,' एवढंच बोलणं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते गुरुजी म्हणायचे, पुस्तक वाचलंस की मेलास. मग सगळंच चित्रात घालावंसं वाटतं आणि चित्राची भाजीमंडई होते. दुकानासमोरून जाणाऱ्याने कुठे पुस्तक वाचलेलं असतं? त्याला जेवढं ठाऊक, तेवढंच तुला ठाऊक असावं. मी हे जन्मभर पाळलं. खोटं कशाला बोलू, चाललंही. बक्षिसं मिळाली, ती बाहेरच्या खोलीत धूळ खात पडली आहेत.

माझ्या बायकोला सगळे सिस्टर म्हणतात. मोठ्या इस्पितळात चौतीस वर्षं नर्स होती, त्यातली शेवटची नऊ सर्जिकल वॉर्डची मुख्य. शेजारीपाजारी सिस्टर म्हणतात, तिची नणंद, म्हणजे माझी सख्खी बहीण, तीही सिस्टरच म्हणते, आणि चारचौघांत माझ्याही तोंडून तेच निघतं. नवा माणूस असला की तो आमच्या दोघांकडे जरा चमकून बघतो. त्यात भर म्हणजे तिच्या वॉर्डातला एक पुरुष नर्स, पंचेचाळिशीचा, दारात मावणार नाही असा आडवा. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. तेव्हा आमच्याकडे फोन वाजला की 'सिस्टर, ब्रदर बोलतोय' असं चालतं, आणि या भावाबहिणीत मी आपला उपरा.

सिस्टर निवृत्त झाली आणि या दोघांच्या डोक्यात ते पॉडकास्टचं खूळ शिरलं. मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून त्याची खोली रिकामीच होती. तिथे यांनी कपाटाच्या दारांवर रजया लटकवल्या, आवाज घुमू नये म्हणून. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दाराला आतून कडी. ती बोलणार, ब्रदर मधे मधे विचारणार. मी पाणी प्यायला उठलो तरी भांडं वाजू द्यायचं नाही, असा मला दम दिलेला. आतून हसण्याचा आवाज यायचा. माझ्याशी बोलताना ही बाई 'औषध घेतलंत का' आणि 'दिवा बंद करा' याच्या पलीकडे फारशी जात नाही, आणि तिथे तासतासभर काय बोलत असेल, असं मनात यायचं. पण विचारलं नाही. आपण विचारायचं आणि तिने 'काही नाही हो' म्हणायचं, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आठ भाग झाले. एका मंगळवारी सकाळी चहाच्या कपाशेजारी तिने एक कागद सरकवला.

"अहो, तीन ओळी," ती म्हणाली.

माझी पद्धत तिला माहीत होती, हे बघून मला बरंच वाटलं. औषधांच्या तक्त्यावर लिहायची तसल्या टपोऱ्या अक्षरात वर नाव होतं: 'बाजूची खुर्ची'. आणि खाली: 'इस्पितळात प्रत्येक खाटेच्या बाजूला एक खुर्ची असते. तिच्यावर कोण बसतं, कसं बसतं, किती दिवस बसतं, हे नर्सइतकं कुणी बघत नाही. त्या बसणाऱ्यांच्या गोष्टी.'

"सोमवारी लोकांपुढे जायचंय. रविवारी संध्याकाळी चित्र हवं," ती म्हणाली. "नाही जमलं तरी हरकत नाही. ब्रदरकडे एक तयार आहे. हृदयाला हेडफोन घातलेत. ते लावू."

हे तिने असं म्हटलं, जसं साखर संपलीय म्हणावं. अकराशे पुस्तकं रंगवणाऱ्याच्या बायकोचं काम, आणि त्याच्या तोंडावर कुणा परक्याचं हेडफोन घातलेलं हृदय. लोक काय म्हणतील हे सोडा. तिला माझं चित्र नसलं तरी चालतं, हे मला चालत नव्हतं.

पाच दिवस हातात होते. खुर्चीचं चित्र म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी समजलो.

यातलं तुम्हाला थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी धडपड कळायची नाही. पॉडकास्टचं चित्र चौकोनी असतं. काढताना ते पडद्यावर ताटाएवढं दिसतं, पण ऐकणाऱ्याच्या फोनवर होतं अंगठ्याच्या नखाएवढं. म्हणून त्यात वस्तू एकच हवी. रंग दोन, फार तर तीन. अक्षरं जाड, आणि नावाखाली आणखी काही लिहायचा मोह आवरायचा. माईक काढायचा नाही, हेडफोन काढायचे नाहीत. गवयाच्या फोटोत गळा वेगळा दाखवतात का? मी चित्र नखाएवढं छापून भिंतीला चिकटवतो आणि दारात उभा राहून बघतो. तिथून जे कळत नाही, ते नाहीच.

आणि अक्षरांचा जाच वेगळाच. 'बाजूची खुर्ची' तोंडाने म्हणायला गोड. पण लिहून बघा. खाली दोन उकार लोंबतात, वर दोन वेलांट्या, आणि एकीच्या डोक्यावर रफार बसलेला. नखाएवढं केलं की मुंग्या. पूर्ण बुधवार मी त्या उकारांची शेपटं कापण्यात घालवला.

बुधवारी संध्याकाळी पहिलं चित्र तयार. गडद निळ्यावर पिवळी खुर्ची, उंच पाठीची, डौलदार. सिस्टरने चष्मा लावला, बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली.

तिच्या 'छान'चा अर्थ मला लग्नानंतर चारेक वर्षांनी कळला. सिस्टरला ज्या ज्या वस्तू छान वाटल्या, त्या सगळ्या आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, अजून पिशवीतून न काढलेल्या.

गुरुवारी इस्पितळातली खरीखुरी खुर्ची काढली, लोखंडी पायांची, प्लॅस्टिकच्या बैठकीची. छान. शुक्रवारी सकाळी पाठीवर कुणाचा तरी कोट टाकलेली खुर्ची. छान. दुपारी ती कोपऱ्यात बारीक आणि भोवती मोकळी जागा. ही मला स्वतःला आवडली होती. ती बघून सिस्टर म्हणाली, "हे बघून वाटतं खाटेवरचा माणूस गेला. आमचे बरेचसे बरे होऊन घरी गेलेत हो." मग रात्रीच्या जेवणाआधी मी खुर्च्यांची रांग काढली. तेवढ्यात ब्रदर काहीतरी वायरी न्यायला आला होता, त्याने माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं.

"सर, एकदम झकास," तो म्हणाला. "फर्निचरच्या दुकानाची जाहिरात असते ना, तशी."

त्याने मनापासून म्हटलं होतं, हीच पंचाईत. मी म्हटलं, "ब्रदर, तू सुया टोचतोस, तेवढंच कर. जीभ कशाला टोचतोस?" तो बिचारा वायरी घेऊन निघून गेला, आणि राग खरा त्याच्यावर नव्हताच, हे मला तेव्हाही कळत होतं.

शनिवारी सकाळी माझा तोल गेला. पाचही चित्रं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली आणि विचारलं, "तुला हवंय तरी काय? एकदा तोंडाने सांग."

"मला कुठे चित्रातलं कळतं," ती कप गोळा करत म्हणाली.

"मग नापसंत कशी करतेस?"

"मी कुठे नापसंत केली? छानच म्हटलं." ती दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेली आणि थांबली. "तीन ओळींवरून काढलीत, तीन ओळींइतकी झालीत. एवढंच."

"म्हणजे मी ऐकायला हवं होतं?"

"नको. तुमची पद्धत मोडू नका," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. जखमेवर मीठ चोळायचं, तेही मोजून मापून. शेवटी नर्सच ती.

रेकॉर्डिंग ऐकायला कुठे लांब जायचं नव्हतं. ज्या कॉम्प्युटरवर मी चित्रं करतो त्यातच ब्रदरने ती ठेवली होती. दोन महिने ती माझ्या नाकासमोर होती आणि मी एकदाही बोट लावलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आठ भाग, ओळीने नावं दिलेले. मोजणारे. भांडणारे. झोपणारे. देवाशी सौदा करणारे. दोनदा येणारे. न येणारे. मग सातवं नाव: 'चित्रं काढणारा'.

बाकी सगळे अनेक, आणि हा एकटाच.

मला कळायचं ते कळलं. म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली. सरळ सातव्याला हात घालायची हिंमत नव्हती, असं म्हणा.

आणि ही बाई बोलते कशी. मोजणाऱ्यांची गोष्ट सांगत होती, म्हणजे जे खुर्चीत बसून छताचे चौकोन मोजतात, थेंब मोजतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट मोजतात. एक म्हातारे गृहस्थ होते, तिला रोज सांगायचे, सिस्टर, आज सलाईनचे एका मिनिटाला दोन थेंब कमी पडतायत, लक्ष आहे का तुमचं? तिने एकदा मुद्दाम त्यांना चुकीचा आकडा सांगितला, तर त्यांनी खिशातून चार दिवसांची वही काढली. मी एकटाच खोलीत खो खो हसलो. तेहतीस वर्षं एका छपराखाली काढली आणि ही इतकी विनोदी आहे हे मला परक्या लोकांसाठी केलेल्या रेकॉर्डिंगवरून कळत होतं. पुढचे दोनही ऐकले. मग मात्र मला राहवेना.

सातव्या भागात तिचा आवाज जरा खाली होता.

"ही गोष्ट मी खाटेवरून बघितलेली आहे," ती सांगत होती. "आठ वर्षांपूर्वी माझंच ऑपरेशन झालं. पोटातली गाठ काढली. गाठ कसली आहे याचा रिपोर्ट यायचा होता. अकरा दिवस मी आमच्याच वॉर्डात, चार नंबरच्या खाटेवर. आणि बाजूच्या खुर्चीत एक गृहस्थ. नातं, नवरा. व्यवसाय, चित्रकार."

हे अकरा दिवस मला चांगले आठवत होते. नुसते आठवत नव्हते, मी ते मिरवत आलो होतो. अकरा दिवस जागचा हललो नाही. बहीण म्हणायची, नवरा असावा तर असा. वॉर्डातल्या बायका मला बघून स्वतःच्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या.

"खुर्ची सोडली नाही त्यांनी," सिस्टर म्हणाली. "पहिल्या दिवशी त्यांनी सलाईनचा स्टँड काढला. दुसऱ्या दिवशी खिडकी. तिसऱ्या दिवशी खाटेचा दांडा, त्याचा उडालेला रंगसुद्धा. मी आडवी होते. आडव्या माणसाला उभ्या जगातलं फार थोडं दिसतं. मला दिसायचे दोन गुडघे, त्यावर उभी धरलेली वही, आणि वहीच्या वर कपाळ. बस. अकरा दिवसांत ते गुडघे मला इतके पाठ झाले की गर्दीत ओळखीन. इतकी वर्षं मी लोकांना घाबरू नका, घाबरू नका म्हणत आले. आता मी घाबरले होते. मला कुणी नुसतं विचारलं असतं, की तुला भीती वाटते का, तर मी तिथेच मोकळी झाले असते. पण विचारायला वर बघावं लागतं."

"राग आला?" ब्रदरचा आवाज.

"आला. थोडा अजून आहे. सातव्या दिवशी ते चहाला खाली गेले. वही खुर्चीवर राहिली होती. टाके ओढत होते, तरी हात लांब करून मी ती घेतली. चाळली. त्यात मी कुठेच नव्हते. पण सलाईनची बाटली चौदा वेळा काढलेली होती. तीच बाटली. पहिली दोन-चार नीट, आणि पुढे रेघ हलत गेलेली. शेवटच्या बाटलीला तर बूडच नव्हतं. या माणसाचा हात मी कधी हललेला बघितला नाही. लग्नातसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं. अगं, हा तर आपला मोजणाऱ्यांपैकी. दुसऱ्याचा नातेवाईक असता तर मी पहिल्या तासात ओळखलं असतं. आपलं माणूस असलं की शिकलेलं सगळं विसरतो आपण."

"मग बोललात त्यांच्याशी?"

"नाही. वही होती तशी ठेवली."

"का हो?"

"वाटलं, विचारतील कधीतरी. रिपोर्ट चांगला आला, घरी आलो, ते कामाला लागले. मीही लागले. आठ वर्षं झाली की आता."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. खोटं बोलत नाही, पहिल्यांदा मला रागच आला. तोंड शिवलं होतं का हिचं? एका खोलीत झोपतो आपण, आणि ब्रदरला सांगायचं, जगाला सांगायचं, मला सोडून? हा राग पाच मिनिटं टिकला असेल. मग त्याच्या खालून लाज आली, आणि ती मात्र हलेना. ती वही मी घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी फेकून दिली होती. रिपोर्ट चांगला आला, आता असल्या आठवणी कशाला ठेवायच्या, म्हणून. आपण किती मोठ्या मनाचे, असंही तेव्हा वाटलं होतं.

आणि सवय किती वाईट असते बघा. डोळे भरलेले असताना माझं लक्ष टेबलावरच्या पाच चित्रांकडे गेलं आणि धंद्याची चूक दिसली. पाचही खुर्च्या मी दारातून बघितल्या होत्या. येणाऱ्याच्या नजरेने. गोष्ट सगळी खाटेवरून सांगितलेली, आणि माझ्या चित्रात खाट नाही, तर खाटेवरून बघणारं कोण असणार? नर्ससुद्धा या गोष्टी सांगते ती चार नंबरच्या खाटेवर पडून आल्यावर. हे तीन ओळींत कुठून यायला?

रविवारी सकाळी मी मुलाच्या खोलीतल्या पलंगावर आडवा झालो, हातात कागद लावलेली पाटी घेतली, बाजूला खुर्ची ठेवली आणि हाक मारली, "अगं, जरा इथे येऊन बसतेस का?"

ती मटारच्या शेंगांचं भांडं घेऊनच आली. मला आडवं बघितलं आणि पहिल्यांदा तिचा हात माझ्या कपाळावर गेला, मग मनगटावर.

"काही झालेलं नाही मला," मी म्हटलं. "चित्रासाठी. तू फक्त बस."

ती बसली, भांडं मांडीवर घेतलं आणि शेंगा सोलायला लागली.

मी काढायला सुरुवात केली. खुर्चीचे पुढचे पाय खालून बघितले की केवढे मोठे दिसतात. गुडघे समोर, भांड्याची कड, त्याच्या वर हनुवटी. बाकी छत. चांगलं जमत होतं. पाचेक मिनिटांनी पेन्सिल थांबवून मी वर बघितलं. ती शेंगा सोलत होती. दाणे भांड्यात पडत होते, टप टप. मी खोकलो. तिने वर बघितलं नाही. मी उशी सरकवली, कूस बदलली. छताला एक चीर गेलेली होती, ती मी टोकापासून टोकापर्यंत बघून काढली. दहा मिनिटं झाली असतील. साठी उलटलेला धडधाकट बाप्या मी, माझ्याच घरात पडलेला, मला काही झालेलं नाही. तरी मी कोपरावर टेकून अर्धा उठलो.

"इकडे बघ ना जरा," मी म्हटलं.

"का?" तिची मान खालीच.

"एकटं वाटतंय."

तिचा हात थांबला. अर्धी शेंग हातात तशीच राहिली.

"सातवा ऐकलात," ती म्हणाली.

"ऐकला."

"मग?"

शनिवारभर मी मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. माफी मागायची, थोडं तिलाही बोलायचं, मग पुन्हा माफी मागायची. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"मी फार घाबरलो होतो," मी म्हटलं.

"ते माहीत आहे मला. चौदा बाटल्या मोजल्यात मी."

"आणि तू? तुला भीती वाटत होती का?"

एवढा साधा प्रश्न. विचारायला आठ वर्षं लागली, आणि विचारताना मला पाटी बाजूला ठेवायचंही सुचलं नव्हतं. ती मग मी खाली जमिनीवर ठेवली.

सिस्टरने भांडं उचलून खिडकीत ठेवलं. स्वयंपाक राहिला, शेंगा राहिल्या. "खूप," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला रडताना मी दोनदा पाहिलं असेल. मग ती बोलत राहिली. काय बोलली ते मी सांगणार नाही. ते कुठल्याच भागात नाही आणि तिथे ते जायचंही नाही. दुपारचं जेवण चार वाजता झालं, तेही ब्रेड आणि चहा.

पाच वाजता ब्रदर दारात. "सर, चित्र? की आपलं हृदय लावू?"

"तासभर थांब," मी म्हटलं.

हात असा सपासप फार दिवसांनी चालला. खालून दिसणारी खुर्ची, दोन मोठे गुडघे, आणि गुडघ्यांवर दोन हात. मोकळे, तळवे वर. चेहरा चौकटीच्या बाहेर. वरती जाड अक्षरांत नाव. नखाएवढं छापून भिंतीला लावलं. ब्रदर दारातून म्हणाला, "कुणीतरी बसलंय. बरं वाटतंय बघून." माझा जीव भांड्यात पडला.

सिस्टरने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं ते त्या मोकळ्या हातांवर.

"इथे वही होती," ती म्हणाली.

"होती. पण आता..."

"आता काय? आता तुम्हाला कळलं म्हणून तेव्हाची वही गेली का? मी आठ भागांत एक शब्द खोटा बोललेली नाही. माझ्या चित्रात खोटं नको."

ती बरोबर होती. ते दोन मोकळे तळवे म्हणजे मी स्वतःलाच दिलेलं बक्षीस होतं. पण वही घालायची म्हणजे काय, हे मला नीट कळत होतं. आजवर अकराशे मुखपृष्ठांवर मी दुसऱ्यांची तोंडं रंगवली. आता माझ्याच बायकोच्या चित्रात, जगासमोर, मी वहीमागे लपून बसणार होतो.

मी पुन्हा बसलो. चित्रातले मोकळे तळवे पुसले, त्यांच्या जागी उभी धरलेली वही आली, दोन्ही बाजूंनी घट्ट पकडलेली. गडद निळ्यावर तिचा पांढरा चौकोन असा उठला की बाकी सगळं आपोआप मागे सरलं. नाव उचलून मी त्या पांढऱ्यावर ठेवलं. पाच दिवस छळणारे उकार आणि वेलांट्या तिथे मोकळ्या जागेत ऐसपैस बसल्या. वहीच्या वर फक्त कपाळ. केस मागे गेलेलं, आठ्या पडलेलं, माझंच. दारातूनच काय, जिन्यातूनही वाचता येत होतं. इतकं चांगलं मुखपृष्ठ मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते बघवत नव्हतं.

"हे," सिस्टर म्हणाली.

ब्रदरने चित्र चढवायला घेतलं. मी तिला हळूच विचारलं, "लोक विचारतील ना, हा तोंड लपवून बसलेला कोण म्हणून. काय सांगणार आहेस?"

तिने चष्मा काढून पुसला.

"सांगेन, माझा नवरा आहे," ती म्हणाली. "घाबरलाय बिचारा."